फ्लॉरेन्समधील त्रात्तोरियात वाइनची यादी कशी पारखावी

फ्लॉरेन्समधील एखाद्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती वळणाच्या खाणावळीत, वाइनची यादी हाती आली की बहुतेकांची नजर आधी किमतींच्या रकान्याकडे वळते. किंमत शेवटी पाहावी. आधी प्रत्येक ओळीत वाइनचे नाव, उत्पादकाचे नाव आणि द्राक्षतोडणीचे वर्ष या तीन गोष्टी दिल्या आहेत की नाहीत, हे तपासावे. ‘कियांती’ एवढाच एक शब्द आणि पुढे किंमत अशी नोंद म्हणजे सातबारा न दाखवता जमीन विकायला काढण्यासारखे आहे. कियांतीचा प्रदेश विस्तीर्ण आहे, तेथे असंख्य उत्पादक आहेत, आणि त्यांच्या वाइनमधील फरक उत्पादकाच्या नावाशिवाय कळत नाही.

यानंतर नावांचा उलगडा करावा लागतो. ‘देवगड हापूस’ म्हणताना देवगड हे ठिकाण आणि हापूस ही आंब्याची जात, हे आपल्याला सांगावे लागत नाही. इटलीच्या यादीत मात्र पुष्कळदा नुसते ‘देवगड’ लिहिलेले असते आणि हापूस आपण ओळखायचा असतो. बारोलो हे वायव्य इटलीतील पिएमोंते प्रांतामधील गाव असून त्या नावाची वाइन नेब्बिओलो या द्राक्षाची असते. कियांती क्लासिको हा फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्या दरम्यानचा डोंगराळ पट्टा असून तेथील वाइनमध्ये किमान ८० टक्के सांजोवेझे हे द्राक्ष असावे लागते. सर्वांत फसवे नाव मोंतेपुल्चानो. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’मध्ये ते द्राक्षाचे नाव आहे, तर ‘विनो नोबिले दि मोंतेपुल्चानो’मध्ये ते तोस्काना या फ्लॉरेन्सच्याच प्रांतामधील गावाचे असून तेथील मुख्य द्राक्ष पुन्हा सांजोवेझेच आहे. या दोन्ही वाइन एकाच शीर्षकाखाली सरमिसळ केलेल्या दिसल्या, तर यादी जाणकाराने केलेली नाही असे खुशाल समजावे. (हेच सांजोवेझे सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या कंपनीनेही लावले आहे, त्यामुळे काही मराठी वाचकांना त्याची चव अगदीच अपरिचित नसेल.)

नावापुढील डीओसी, डीओसीजी आणि आयजीटी ही अक्षरे म्हणजे इटलीतील वाइनचे अधिकृत वर्ग असून ती प्रदेश आणि उत्पादनाचे नियम सांगतात. ती गुणवत्तेची उतरंड मानू नये. सास्सिकाइया ही आज इटलीतील अत्यंत महागड्या वाइनपैकी एक आहे, परंतु १९६८ च्या तोडणीपासून ती बाजारात आली तेव्हा प्रचलित नियमांत न बसल्यामुळे तिला ‘साधी टेबल वाइन’ याच वर्गात राहावे लागले होते.

वर्षांच्या रकान्याकडे मी सर्वाधिक लक्ष देतो. ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो ही सांजोवेझेचीच वाइन तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या १ जानेवारीपूर्वी विकता येत नाही, म्हणजे २०२० ची ब्रुनेल्लो २०२५ मध्येच बाजारात येऊ शकली. त्याच द्राक्षाची रोस्सो दि मोंताल्चिनो मात्र तोडणीच्या पुढच्या वर्षीच मिळू लागते आणि बरीच स्वस्त असते. ज्या यादीत चांगल्या ब्रुनेल्लो-उत्पादकांची रोस्सोही ठेवलेली असते, तिच्या मालकाने गिऱ्हाइकाच्या खिशाचा विचार केलेला आहे. याउलट साध्या, ताज्या प्यायच्या पांढऱ्या वाइन पाच-सहा वर्षांपूर्वीच्या असतील, तर तो बहुधा न खपलेला साठा असतो.

यादी जेवणाशी जुळते का, हेही पाहावे. पाप्पा आल पोमोदोरो हा टोमॅटो आणि शिळ्या पावाचा पदार्थ आंबटसर असतो, आणि त्याबरोबर तरुण, आंबटपणा टिकून असलेली सांजोवेझे चांगली लागते. तुरट, भारदस्त वाइन बिस्तेक्का अल्ला फियोरेंतीना या जाड, भाजलेल्या गोमांसासाठी राखावी. स्वयंपाक साधा आणि यादीत मात्र केवळ भारी, प्रसिद्ध नावे, असे असेल तर ती यादी पर्यटकांसाठी सजवलेली आहे. माझ्या मते जवळपासच्या उत्पादकांच्या तीस नेमक्या वाइन असलेले एक पान जाडजूड वहीपेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

आता किमती. ७५० मिलिलिटरच्या बाटलीतून १५० मिलिलिटरचे पाच ग्लास निघतात, म्हणून ग्लासची किंमत पाचने गुणून बाटलीच्या किमतीशी ताडून पाहावी. थोडा फरक समजण्यासारखा आहे, परंतु तीन ग्लासांतच बाटलीची किंमत वसूल होत असेल तर बाटलीच मागवावी. ग्लासनेच घ्यायची असल्यास बाटली कधी उघडली, हे विचारण्यात संकोच करू नये. पाव किंवा अर्ध्या लिटरच्या काचेच्या सुरईतून येणाऱ्या घरच्या वाइनला नाक मुरडण्याचेही कारण नाही. ती कोणाकडून येते एवढे विचारावे, आणि वाढप्याने उत्पादकाचे किंवा गावाचे नाव चटकन सांगितले तर ती निर्धास्तपणे घ्यावी.

बाटली टेबलावर आल्यावर, बूच काढण्यापूर्वी, तिच्यावरील उत्पादक आणि वर्ष यादीशी ताडून पाहावे. यादीतील २०१९ संपून २०२१ आलेली असते आणि किंमत तीच राहिलेली असते, असे अनेकदा घडते. बूच निघाल्यावर ग्लासमध्ये ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर तो बुचामुळे आलेला दोष असून ती बाटली बदलून मागता येते; केवळ चव आवडली नाही, या कारणाने मात्र ती परत करता येत नाही.