इंदूरमध्ये पॅरामेडिक कोर्सला प्रवेश कसा घ्यावा: फॉर्म भरण्याआधीपासून नामांकन (एनरोलमेंट नंबर) हाती येईपर्यंत

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, आमचा ओम पॅरामेडिकल करायचं म्हणतोय, कुठे घालू त्याला?" मी 23 वर्षं इंदुरातल्या एका कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, स्टाफ नर्स होते, त्यामुळे रामबागेपासून राजेंद्र नगरपर्यंत कुणाच्याही घरी हा प्रश्न निघाला की माझं नाव निघतं. मी आधी एकच विचारते: त्याला पॅरामेडिकल करायचंय की पॅरामेडिक व्हायचंय?

हा शब्दाचा खेळ नाही. आपल्याकडे 'पॅरामेडिकल' म्हटलं की डीएमएलटी (लॅब टेक्निशियन), एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर टेक्निशियन असे सगळेच कोर्स एका टोपलीत येतात. पॅरामेडिक म्हणजे अँब्युलन्समध्ये पेशंटच्या उशाशी बसणारा माणूस. ऑक्सिजन लावणारा, रक्तस्राव थांबवणारा, हृदय बंद पडलं तर छाती दाबत हॉस्पिटलपर्यंत आणणारा. 108 च्या अँब्युलन्सवर त्याला ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन) म्हणतात आणि ड्रायव्हरला पायलट. या कोर्सची नावंही कॉलेजागणिक वेगळी असतात: इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजी, इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर, ईएमटी डिप्लोमा. म्हणून फॉर्मवर जे नाव छापलंय तेच नाव डायरीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. पुढची सगळी चौकशी त्याच नावाने करायची आहे. "पॅरामेडिकलची सीट आहे" एवढ्यावर पैसे भरलेली मुलं नंतर लॅबमध्ये स्लाइड बघत बसलेली मी पाहिली आहेत. लॅबचं काम मोलाचंच आहे, पण त्या मुलांना गाडीवर जायचं होतं.

आधी मान्यता, मग माहितीपत्रक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दोन दिवस लागले तरी लागू देत.

लोकमान्य नगरातल्या एका ओळखीच्या घरातल्या मुलाने दोन वर्षं एका संस्थेत काढली. फी वेळेवर, हजेरी पूर्ण, रंगीत सर्टिफिकेटही मिळालं. नोकरीच्या ठिकाणी पहिल्याच दिवशी विचारलं, काउन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर? तो नव्हता, आणि मिळणारही नव्हता, कारण संस्थेच्या त्या कोर्सला मान्यताच नव्हती. त्याच्या आईने मला ते सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट जपून ठेवलेलं होतं. मला काय बोलावं सुचेना.

तर व्यवस्था अशी आहे. मध्य प्रदेशात पॅरामेडिकल शिक्षण आणि नोंदणीसाठी भोपाळला सह-चिकित्सीय परिषद आहे, तिलाच सगळे पॅरामेडिकल काउन्सिल म्हणतात. डिग्री कोर्स एखाद्या सरकारी विद्यापीठाशी संलग्न असतात, किंवा एखादं खासगी विद्यापीठ स्वतःची डिग्री देतं. शिवाय 2021 मध्ये केंद्राने सह-आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट, म्हणजे पॅरामेडिक, स्वतंत्र नोंदलेला आहे. याच कायद्यात सह-आरोग्य व्यावसायिकाच्या डिप्लोमा-डिग्रीसाठी किमान 2000 तासांचं शिक्षण सांगितलंय, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेलं. त्यामुळे 'सहा महिन्यांत पॅरामेडिक' अशी पाटी दिसली की हा आकडा आठवा. सहा महिन्यांचा ईएमटी-बेसिक हा कौशल्य कोर्स असू शकतो आणि तो उपयोगीही पडतो, पण ती डिग्री नाही आणि डिप्लोमाही नाही.

जुनी परिषद आणि नवा कायदा यांचा सांधा अजून बसतो आहे. 2025 मध्ये राज्यातल्या पॅरामेडिकल कॉलेजांच्या मान्यतेचा वाद जबलपूरच्या हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेला. मागच्या वर्षी मान्यता होती, एवढ्यावर म्हणूनच विसंबू नका. कॉलेजला हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर मागा:

1. या कोर्सला, याच सत्रासाठी मान्यता कुणी दिली? पत्र दाखवा. पत्रात कोर्सचं नाव, सत्र आणि जागांची संख्या स्वतः वाचा.
2. परीक्षा कोण घेतं आणि मार्कशीट कुणाच्या नावाची मिळते?
3. पास झाल्यावर नोंदणी कुणाकडे होते? तुमच्या मागच्या बॅचच्या मुलांची झाली का?

तिसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा. मग परिषदेच्या आणि विद्यापीठाच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी उघडून कॉलेजचं नाव ताडून बघा.

कॉलेज डोळ्यांनी बघून या

इमारतीपेक्षा स्किल लॅब बघा. सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन जीव वाचवणं) शिकवायचा मॅनिकिन, म्हणजे माणसाचा पुतळा, कुठे आहे म्हणून विचारा आणि त्याच्या छातीवर हात ठेवून दाबा. प्रौढ माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली पाहिजे, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने, 30 दाब आणि 2 श्वास. रोज वापरातल्या मॅनिकिनची स्प्रिंग सैल झालेली असते, छातीवरचं रबर हाताळून गुळगुळीत झालेलं असतं. कोरा करकरीत, प्लास्टिकच्या पिशवीतला मॅनिकिन दिसला तर समजा की तो पाहुण्यांना दाखवायला ठेवलाय.

पोस्टिंग कोणत्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत होतं आणि अँब्युलन्सवर किती ड्युट्या मिळतात, हेही विचारा. एम.वाय.सारख्या सरकारी हॉस्पिटलात धार, देवास, खरगोनपासून पेशंट येतात. तिथल्या एका रात्रीत जे शिकायला मिळतं ते पुस्तकाच्या 50 पानांत मिळत नाही. म्हातारी बाई "जी घबरा रहा है" म्हणते तेव्हा ती भीती वाटते असं सांगत नसते, तिला हार्ट अटॅकही आलेला असू शकतो. ही ओळख तिथे उभं राहूनच होते.

पात्रता

बारावी भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन पास. डिग्रीला बहुतेक ठिकाणी या तीन विषयांत मिळून 45 ते 50 टक्क्यांची अट असते, आरक्षित वर्गाला सवलत असते. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षं पूर्ण असावी लागतात. प्रवेश गुणवत्ता यादीवर आहे की परीक्षेवर, हे दर वर्षीच्या नियमपुस्तिकेत असतं; ती डाउनलोड करून छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरून वाचा. गणितवाल्या मुलांनी जीवशास्त्राची अट आधी बघावी. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून जीवशास्त्र हा जादा विषय म्हणून देता येतो, पण तो चालेल का हे त्याच नियमपुस्तिकेत शोधा किंवा लेखी विचारा.

कागदपत्रं, आणि आपल्या नावांचा घोळ

यादी नेहमीचीच: दहावी-बारावीच्या मार्कशीट, टी.सी., चारित्र्याचा दाखला, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा रहिवाशांचा ओळख क्रमांक), मूलनिवासी प्रमाणपत्र (डोमिसाइल), लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, फोटो. बारावी महाराष्ट्र बोर्ड किंवा सीबीएसईमधून झाली असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं. मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं शपथपत्र करावं लागतं. मूलनिवासी आणि उत्पन्नाचं काम लोकसेवा केंद्रात होतं. निकालाची वाट बघू नका, एप्रिल-मेमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये तिथे रांगा लागतात.

मराठी घरांची खरी अडचण वेगळीच आहे. आपण वडिलांचं नाव मधे लावतो. आधारवर 'ओम श्रीकांत गाडगीळ', एमपी बोर्डाच्या मार्कशीटवर नुसतं 'ओम गाडगीळ', आणि हिंदी दाखल्यावर ळ नसल्यामुळे 'गाडगिल'. मुलीच्या बाबतीत आईचं माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. घरी हे कुणाला खटकत नाही, पण ऑनलाइन पडताळणीत दोन नावं जुळली नाहीत की फॉर्म अडतो.

यावर उपाय म्हणजे दहावीची मार्कशीट पाया धरा. तिच्यावर जे नाव आणि जन्मतारीख आहे तसंच आधारवर करून घ्या. मग समग्रचं ई-केवायसी करा, तिथे नाव आधारवरून येतं. समग्रमध्ये कुटुंबाचा आयडी 8 अंकी असतो आणि व्यक्तीचा 9 अंकी. फॉर्ममध्ये बहुतेकदा मुलाचा 9 अंकी मागतात आणि घाईत घरचा 8 अंकी भरला जातो. आधारची दुरुस्ती व्हायला दिवस लागतात, म्हणून हे काम बारावीच्या परीक्षा संपल्याच्या आठवड्यातच हातात घ्या.

फॉर्म भरताना

कियोस्कवर, म्हणजे ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात, गेलात तरी मोबाइल नंबर आणि ई-मेल मुलाचा स्वतःचा द्या. कियोस्कवाला घाईत स्वतःचा नंबर टाकतो, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि सीट मिळाल्याचा मेसेज येतो तेव्हा त्याचं दुकान बंद असतं. पासवर्ड लिहून घ्या. सबमिट करण्याआधी स्क्रीनवरचं पूर्ण पान मुलाने मोठ्याने वाचावं, विशेषतः कोर्सचं नाव आणि प्रवर्ग. पावतीच्या दोन प्रती काढा.

शरीराची तयारी

फिटनेस सर्टिफिकेट मागतात, पण सही मिळवून मोकळं होण्याचा हा कागद नाही. राजवाड्यामागच्या जुन्या वाड्यांचे जिने आठवा. तिथे स्ट्रेचर वळत नाही, पेशंटला खुर्चीत किंवा चादरीत धरून खाली आणावं लागतं, आणि पेशंट 80 किलोचाही असतो. रोज जिने चढा, गुडघ्यात वाकून पाठ सरळ ठेवून वजन उचलायची सवय करा. मुली हे काम उत्तम करतात, मी करताना बघितलंय. ताकदीइतकीच पद्धत लागते. पाठीचं किंवा दम्याचं दुखणं असेल तर लपवू नका, डॉक्टरांशी आधी बोला.

हेपेटायटिस बीची लस बहुतेक घरांत विसरली जाते. लहानपणी घेतली असेल तर तिचं कार्ड शोधा. घेतलेली नसेल तर तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. जूनमध्ये सुरू केलं तर तिसरा डिसेंबरमध्ये येतो, आणि तोवर पोस्टिंग सुरू झालेलं असतं. आमच्या कॅज्युअल्टीत एका शिकाऊ मुलाच्या बोटात वापरलेली सुई गेली होती. त्याचे डोस अर्धवट होते. रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तो आणि त्याचे वडील बाकावर बसून होते, ते मला अजून दिसतात. रिपोर्ट चांगला आला. तरी सांगते, फॉर्म भरायच्या आधी पहिला डोस घ्या. धनुर्वाताचं इंजेक्शनही बघून घ्या.

फी भरताना

रोख देऊ नका. पावतीवर कोर्सचं पूर्ण नाव आणि सत्र असलंच पाहिजे. मूळ मार्कशीट पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2018 मध्येच सांगितलंय की कॉलेजांनी मुलांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. शिष्यवृत्तीवर अवलंबून असाल तर या कोर्सला, या कॉलेजात ती लागू आहे का हे फी भरण्याआधी विचारा. "नंतर बघू" म्हणणाऱ्याकडून लिहून घ्या.

नामांकन

वर्ग सुरू झाले, पांढरा कोट शिवला, तरी एक काम राहिलेलं असतं. कॉलेजने मुलाचं नाव विद्यापीठाकडे किंवा परिषदेकडे पाठवून नामांकन क्रमांक आणायचा असतो. महिन्या-दीड महिन्याने ऑफिसात जाऊन विचारा. नंबर आलेला नसेल तर अर्ज लिहून द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का घ्या आणि पंधरा दिवसांनी पुन्हा जा. नंबर मिळाला की तो, त्यावरचं नाव आणि कोर्सचं नाव डायरीच्या त्या पहिल्या पानाशी ताडून बघा.