साठीनंतरचं कोलेस्टेरॉल: औषधाच्या काउंटरमागून

सांगलीत माझं औषधांचं दुकान. आता मुलगा बघतो, मी संध्याकाळी नुसता जाऊन बसतो. सत्तरी ओलांडली, बीपी आहे, शुगर नाही, कोलेस्टेरॉलची गोळी रोज चालू आहे. काउंटरवर एक प्रश्न हमखास येतो: "काका, रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी बंद करू ना?"

नको. तो नॉर्मल आलाय गोळीमुळे. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं आणि अॅटोर्वास्टॅटिन, रोझुवास्टॅटिन या 'स्टॅटिन' गोळ्या ते काम मंदावतात. गोळी सुटली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जिथल्या तिथे. डॉक्टरांनी थांबवली तर गोष्ट वेगळी.

रिपोर्टमध्ये लोक टोटलचा आकडा बघतात आणि कागद घडी करून खिशात घालतात. त्याऐवजी टोटलमधून एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, वजा करा. समजा टोटल २१२, एचडीएल ४४. उरले १६८. हे नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांना त्रास देणारा सगळा माल. शेजारी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, असतंच. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली सांगितलेले आकडे असे: ज्याला फारसा धोका नाही त्याचं एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा बीपी असेल तर ७० च्या खाली, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. कागदावर छापलेली 'नॉर्मल' रेंज मात्र सगळ्यांना एकच असते. शेजारच्या अण्णांना ९५ चालतं म्हणून तुम्हाला चालेलच असं नाही. तुमचं टार्गेट किती, हे डॉक्टरांना विचारून रिपोर्टवरच पेनने लिहून ठेवा. पंचाहत्तरीनंतर पहिल्यांदाच गोळी सुरू करायची असेल, तर बाकीचे आजार, तब्येत आणि इतर औषधं बघून डॉक्टर ठरवतील. आणि एलडीएल एकदम चढलं असेल तर थायरॉईडही तपासून घ्या. थायरॉईड मंद असला की कोलेस्टेरॉल वाढतं, थकवाही येतो, आणि म्हातारपणी तो थकवा वयावर ढकलला जातो.

आता दुकानदाराची खास सूचना. ज्येष्ठांचे डॉक्टर दोन-तीन असतात. हृदयाचे वेगळे, शुगरचे वेगळे. दोघंही स्टॅटिन लिहितात, ब्रँड वेगळे, नावं वेगळी, आणि पेशंट एकच औषध दोनदा घेतो. एकाच कॅप्सूलमध्ये रोझुवास्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल असंही मिळतं. ती चालू असताना अॅस्पिरिनची वेगळी गोळीही खाणारे मी पाहिलेत. म्हणून घरातल्या सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत भरा आणि वर्षातून दोनदा तरी पिशवीच डॉक्टरांसमोर रिकामी करा. ब्रँडखाली बारीक अक्षरात लिहिलेलं नाव वाचायचं, ते खरं औषध. खर्च जड जात असेल तर तेच औषध जनऔषधी केंद्रात बरंच स्वस्त मिळतं.

गोळीने अंग दुखतं अशी तक्रार येते. काहींना खरंच दुखतं, पण त्यावर डोस कमी करणं, गोळी बदलणं असे उपाय आहेत. मांड्या-दंड खूप दुखायला लागले, अशक्तपणा आला, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घशासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून मिळालं तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू असल्याचं आवर्जून सांगा, कारण काही स्टॅटिनशी त्याचं जमत नाही. लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉकेज उघडतात, हा मेसेज मला दर पावसाळ्यात येतो. काढा पित असाल तर प्या, गोळी सोडू नका.

स्वयंपाकघरात खरी गंमत तेलाची. "कोणतं तेल चांगलं?" असं सगळे विचारतात, "किती?" हे कुणीच विचारत नाही. डब्यावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं, पण शेंगदाणा असो की करडई, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. आमच्याकडे माणशी महिन्याला अर्धा लिटर असा हिशेब. एक तारखेला दोघांचं लिटरभर तेल वेगळ्या बरणीत ओततो आणि त्यातूनच फोडणी, त्यातूनच भजी. वीस तारखेला बरणी तळाला गेली की सौ. पुढचे दिवस वाफेवरच्या भाज्या करते आणि मला ऐकवते, की पाहुण्यांच्या वांग्यावर तर्री तुम्हालाच हवी होती. दिवाळीचा फराळ या बरणीबाहेर धरावा, असा तिचा आग्रह. अजून वाद मिटलेला नाही.

आधी कमी करायचं ते तूप, लोणी, साय, वनस्पती तूप आणि पामतेलात तळलेलं फरसाण. भडंग आमच्या भागाचा जीव, पण सकाळी ओट्स खायचे आणि चारला भडंगाचं ताट पुढे ओढायचं, यात हिशेब जमत नाही. दिवसातून एकदा तरी मटकीची किंवा चवळीची उसळ हवी, ज्वारीची भाकरी, तिच्यावर जवसाची चटणी, जेवणानंतर पेरू. इसबगोलानेही एलडीएल थोडं उतरतं. ते भरपूर पाण्यासोबत घ्यावं आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवावं. बीपी असेल तर लोणचं-पापडावर हात आखडता.

मात्र पथ्याच्या नावाखाली वाळू नका. दूध बंद, अंडं बंद, डाळीचं नुसतं पाणी, असं करून पट्ट्याला नवी भोकं पाडून घेणारे माझ्या वयाचे बरेच आहेत. त्यात चरबीबरोबर मांडीचं मांसही जातं, आणि मग बाथरूममध्ये पडणं ठरलेलं. साय काढलेल्या दुधाचं दही, घट्ट वरण, अंडं, मासे रोजच्या जेवणात असू द्या.

चालणं आठवड्याला दीडशे मिनिटं. मी सांगलीच्या आमराई बागेत फिरतो. चाल इतपत असावी की बोलता येईल, गाता येणार नाही. त्याशिवाय हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं, आणि ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहणं. चहा उकळेपर्यंत तेवढं होतं. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी पलंगावरून झटकन उठू नये, आधी कडेला बसावं, मग उभं राहावं. तंबाखू-मिश्री सुटल्याशिवाय बाकी पथ्याला फार अर्थ नाही.

गोळी नवी सुरू झाली किंवा डोस बदलला की महिना ते तीन महिन्यांत रक्त पुन्हा तपासायचं, नंतर डॉक्टर सांगतील तसं. बहुतेक वेळा उपाशीपोटी जावंच लागतं असं नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसरी चरबी) फार वाढलेले असतील तर लागतं, म्हणून लॅबला आधी फोन करून विचारा.

आणि रात्री-अपरात्री छातीत दाबल्यासारखं झालं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर मुलाला गॅसची गोळी आणायला दुकानात पिटाळू नका. १०८ ला फोन लावा किंवा मिळेल त्या गाडीने सरळ हॉस्पिटल गाठा, स्वतः गाडी चालवत नव्हे.