शॉर्ट अ‍ॅक्शन रायफल घ्यायचीय? आधी खांद्याला विचारा

दर डिसेंबरात मी माहेरी, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात येते आणि दाल बाजार ओलांडेपर्यंत कोणीतरी बंदुकीचा विषय काढतंच. ग्वाल्हेरच ते, इथे ३१५ बोरची रायफल वरातीतसुद्धा ओळखीची. पण खरे प्रश्न हल्ली अमेरिकेतून, डेन्व्हरच्या भाच्याकडून येतात: "मावशी, एल्कसाठी कोणती घेऊ?" एल्क म्हणजे तिकडचं सांबरासारखं मोठं जनावर. आपल्याकडे शिकार १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि तेच बरं. शिवपुरीच्या ज्या रानात शिंदे सरकारांची शिकार चालायची, तिथे २०२५ पासून माधव व्याघ्र प्रकल्प आहे. तेव्हा हे सगळं परदेशात, रीतसर परवान्यावर शिकारीला निघालेल्यांसाठी. कोलोरॅडोत माझे सतरा हंगाम झालेत. परवाना, शिकारीचा कोर्स, भगवं जाकीट हे तुम्ही उरकलंय असं धरून चालते.

पहिलं काम, 'शॉर्ट अ‍ॅक्शन' या शब्दाची भुरळ उतरवणं. अ‍ॅक्शन म्हणजे काडतूस नळीत भरून डागणारी यंत्रणा. .३०८ विंचेस्टर हे काडतूस १९५२ साली बाजारात आलं. त्याची पूर्ण लांबी साधारण २.८ इंच, आणि तेवढ्याच मापाची काडतुसं बसतील अशी रायफल म्हणजे शॉर्ट अ‍ॅक्शन. जुन्या .३०-०६ ला ३.३४ इंच लागतात, म्हणून ती लाँग. फरक अर्ध्या इंचाचा. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, तेवढा कमी मागे ओढावा लागतो, वजन काही औंसांनी उतरतं. अर्ध्या इंचाने कोणाची शिकार झालेली नाही आणि हुकलेलीही नाही. टिक्का टी३एक्समध्ये तर सगळ्या काडतुसांना अ‍ॅक्शनची लांबी एकच असते, आणि रायफल उत्तम आहे. म्हणून आधी काडतूस ठरवा, रायफल नंतर.

दुसरं, जनावर. कोलोरॅडोच्या नियमांत रायफलीचा बोर, म्हणजे नळीचा व्यास, किमान .२४ इंच हवा, गोळी हरणासाठी किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) आणि एल्कसाठी ८५. ही कायद्याची अट झाली, माझी नव्हे. .२४३ विंचेस्टर हरणाला छान, पण सव्वातीनशे किलोच्या नर एल्कवर मी ती उचलणार नाही.

आता काडतूस. इथेच माझी फजिती झाली होती, म्हणून इथे मी रेंगाळणार.

माझी उंची पाच फूट एक. पहिल्या वर्षी दुकानदाराने .३०० डब्ल्यूएसएम (विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम) गळ्यात मारली. आखूड, जाडजूड काडतूस, शॉर्ट अ‍ॅक्शनमध्ये मॅग्नमची ताकद. "जास्त ताकद कधी वाया जात नाही," म्हणाला. रायफलही मुद्दाम हलकी निवडून दिली, डोंगर चढायला सोपी म्हणून. हलकी रायफल आणि जड बार एकत्र आले की हिशेब खांद्यावर फेडावा लागतो, हे मला कोणी सांगितलं नाही. रेंजवर दहा बार काढले, खांदा जांभळा झाला, तरी फुशारकीने "काही नाही" म्हणत राहिले. हंगामात सव्वाशे यार्डांवर मादी एल्क आडवी उभी होती. घोडा दाबायच्या आधीच माझे डोळे मिटले आणि गोळी पोटात गेली. ती आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. नवरा एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून माझं मत पक्कं आहे. ज्या रायफलीला तुम्ही दचकता, तिची ताकद शून्य धरा. आणि दचकता की नाही हे स्वतःला कळत नाही, त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते. एक मित्र हवा आणि काही नकली, बिनदारूची काडतुसं. मित्राने कधी खरं, कधी नकली काडतूस तुम्हाला न दाखवता भरायचं. नळी कायम निशाणाकडेच आणि प्रत्येक काडतूस खरंच आहे असं मानूनच हाताळायचं. नकलीवर नुसता 'टक्' आवाज होतो. त्या क्षणी नळीचं टोक खाली बुडालं, तर तुम्ही दचकलात. मी दहापैकी आठ वेळा बुडवलं होतं.

इलाज म्हणजे खाली उतरणं. जेमतेम धक्का देणाऱ्या .२२ वर महिनाभर घालवा, मग ७ मिमी-०८ रेमिंग्टन किंवा ६.५ क्रीडमूर. सारख्याच वजनाच्या रायफलीत ७ मिमी-०८ चा धक्का .३०० डब्ल्यूएसएमच्या जवळपास निम्मा बसतो. तिची १४० ग्रेनची गोळी आपल्या सराफ्यात तोलली तर पाऊण तोळ्याला किंचित जास्त भरेल. ती योग्य जागी गेली की दोनशे यार्डांच्या आत एल्कला पुरते. .३०८ सुद्धा चांगली, धक्का थोडा जास्त, पण काडतुसं गावोगाव मिळतात. नळीच्या टोकाला मझल ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण, लावून धक्का कमी करा असं सांगणारे भेटतील; पण त्याने आवाज फार वाढतो. रानात कानाला काही न लावता एक बार काढून बघा म्हणावं त्यांना, नंतर ते तुमचं ऐकूच शकणार नाहीत.

धक्क्याचा अर्धा दोष दस्त्याचा, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाचा असतो. दुकानातला दस्ता साडेतेरा इंचांच्या आसपास असतो, उंच पुरुषाच्या बेताने. माझा मी एक इंच कापून घेतला. दस्ता कोपराच्या खळगीत धरून माप बघायची जुनी पद्धत निरुपयोगी आहे. हंगामातलं जाडजूड जाकीट अंगावर चढवा, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि डोळे उघडा. रायफलीवरच्या दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला पाहिजे. मान ताणावी लागत असेल तर दस्ता लांब आहे.

दुकानात गेलात की नकली काडतुसं मागून मॅगझिन भरा आणि बोल्ट जोरात चालवून बघा, हळू चालवला तर सगळ्याच रायफली गुणी असतात. डब्ल्यूएसएमसारखी जाड काडतुसं मॅगझिनमध्ये बहुधा तीनच मावतात आणि कधी कधी अडकतात. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. तिथे तांब्याची वापरतात. ती त्याच वजनाला लांब होते आणि लांब गोळी स्थिर फिरायला घट्ट पीळ लागतो, म्हणून नळीच्या आतल्या, गोळीला फिरवणाऱ्या आट्यांचा पीळ विचारून घ्या. ६.५ क्रीडमूरला तो आठ इंचांना एक फेरा असा घट्ट मिळतो, .२४३ ला बहुधा दहाला एक, त्यात लांब गोळी नीट स्थिर होत नाही.

दुर्बीण मध्यम घ्या. काडतुसं एकाच लॉटची घ्या.

भाच्याने माझं अर्धंच ऐकलं आणि .३०८ घेतली. परवा रेंजवरून फोन आला: दहापैकी चारदा टोक बुडालं. हंगामाला सहा आठवडे आहेत. दर शनिवारी वीस बार, त्याहून एकही जास्त नाही, आणि त्यात सात नकली, हे त्याला बजावून ठेवलंय.