एकेचाळीसच का? माईनक्राफ्टमध्ये स्वतः माल निवडणारं कोठार

फोंड्याला तिस्कावर आमचं हार्डवेअरचं दुकान. प्रत्येक डब्याला आतल्या मालाचा एक नमुना बाहेरून बांधलेला असतो, म्हणून कालच लागलेला पोरगाही स्क्रू स्क्रूत टाकतो. माईनक्राफ्ट या गेममधला सॉर्टर, म्हणजे माल आपोआप वेगळा लावणारी यंत्रणा, हेच करतो. त्यामुळे भाची सुट्टीत डिचोलीहून आली की कोठाराचं काम मामाच्या गळ्यात. व्हिडिओवाले 'पहिल्या खान्यात ४१ टाका' म्हणतात आणि पुढे पळतात. मी त्या ४१पाशीच रेंगाळणार आहे. तो आकडा कळला की बाकीचं तुमचं तुम्हाला जुळवता येईल. इथलं सगळं गेमच्या जावा आवृत्तीतलं.

एका वस्तूसाठी लागतात तीन हॉपर (माल पुढे सरकवणारी नरसाळी), एक कम्पॅरेटर (हॉपर किती भरलाय ते मोजून सिग्नल देणारा), एक-दोन रिपीटर (सिग्नल ताजा करून पुढे नेणारे), एक रेडस्टोन टॉर्च (रेडस्टोन म्हणजे गेममधली वीज), तीन डस्ट (त्या विजेची तार) आणि मोठी चेस्ट, म्हणजे पेटी. एका हॉपरला पाच लोखंडी इंगॉट आणि एक चेस्ट, म्हणजे आधी लोखंड भरपूर खणा. कम्पॅरेटरला क्वार्ट्झ लागतो, तेव्हा नेदरची, म्हणजे गेममधल्या पाताळाची, एक फेरी चुकत नाही.

चेस्टच्या मागे शिफ्ट दाबून हॉपर चिकटवा. हा खालचा. त्याच्या डोक्यावर दुसरा, तो गाळणी. गाळणीचं तोंड खाली नको, चेस्टच्या उलट दिशेला मागे वळवा. खाली वळवलंत तर ती आतला नमुनाही ढकलून देईल. खालच्या हॉपरच्या मागे एक ब्लॉक, त्यावर कम्पॅरेटर, गाळणीकडे पाठ करून. सगळ्यात वर आडवी हॉपरची रांग, तिच्यातून माल वाहतो.

आता गाळणी भरा. पहिल्या खान्यात हव्या त्या वस्तूचे ४१ नग. उरलेल्या चार खान्यांत एकेक काठी, पण अॅन्व्हिलवर (ऐरणीवर) नाव बदललेली, नाहीतर वाहत आलेली साधी काठी तिथे जाऊन बसेल. आमच्या काठ्यांचं नाव भाचीने 'हात लावू नको' ठेवलंय. ६४ काठ्यांचा गठ्ठा एकदम ठेवला तरी अनुभवाच्या एकाच लेव्हलमध्ये नाव बदलतं आणि १६ गाळण्यांची सोय होते.

हॉपरचे खाने ५, प्रत्येकात ६४, एकूण ३२०. हॉपर किती भरलाय ते प्रमाण कम्पॅरेटर १४ने गुणतो, त्यात १ मिळवतो आणि अपूर्णांक टाकून देतो. ४१ अधिक ४ म्हणजे ४५ नग: उत्तर २.९७, सिग्नल २. आणखी एक नग आला की ४६: उत्तर ३.०१, सिग्नल ३. कम्पॅरेटरपुढे तीन डस्ट ओळीने ठेवायच्या त्या याचसाठी. दर डस्टला सिग्नल एकाने घटतो, म्हणून २ तिसरीपर्यंत पोचत नाही आणि ३ जेमतेम पोचतो. तिसरी डस्ट एक पायरी खाली उतरवा. तिच्याखालच्या ब्लॉकमधून रिपीटर परत हॉपरच्या दिशेने आणा, त्याच्यापुढे ब्लॉक, आणि त्या ब्लॉकच्या अंगाला, खालच्या हॉपरच्या बरोबर खाली, टॉर्च. मध्ये जागा उरली तर दुसरा रिपीटर लावा. डस्ट नको, कारण शेजारच्या सॉर्टरमधली डस्ट तिला जोडली जाते.

टॉर्च पेटलेली असते तोवर खालचा हॉपर बंद. सेहेचाळिसावा नग आला की टॉर्च विझते, हॉपर एक नग खाली ओढतो, मोजणी ४५वर येते आणि हॉपर पुन्हा बंद होतो.

खरी गंमत चेस्ट भरल्यावर. माल पुढे जात नाही, पहिला खाना ६४पर्यंत भरतो, चार काठ्यांसकट ६८. हिशेब करा: ३.९७. म्हणजे सिग्नल ३च. तो ४ झाला असता तर जुळलेल्या डस्टमधून शेजाऱ्याकडे ३ गेला असता, त्याचा हॉपर उगाच उघडला असता आणि त्याचा नमुना वाहून गेला असता. म्हणून काठ्या एकेकच. पहिल्या खान्यात १८ नग ठेवायची जुनी पद्धत डस्ट वाचवते, पण चेस्ट भरली की शेजाऱ्यांवर उठते. मी ती बांधत नाही.

एंडर पर्ल, अंडी, साइन यांचा गठ्ठा १६चाच, तिथे ४१ विसरा. त्यांचा एक नग चार नगांच्या वजनाचा, म्हणून १० टाका. अकरावा आला की सिग्नल ३.

तलवारी, कुदळी यांचे गठ्ठे होत नाहीत, त्यांना गाळणी नाही. रांगेच्या शेवटी एक रिकामी चेस्ट ठेवा, नको असलेलं सगळं तिथे पडू दे. मात्र ती भरली की अख्खी रांग तुंबते.

हॉपर सेकंदाला अडीचच नग हलवतो. खिशातले ३६ खाने गच्च भरून आलात तर पंधरा मिनिटं लागतील. लॅपटॉप जुना असेल तर वरच्या रांगेतल्या हॉपरांच्या डोक्यावर कंपोस्टर (खताची पेटी) ठेवा. मग ते हवेत पडलेला माल शोधत बसत नाहीत आणि गेम अडखळत नाही.

२०२५मध्ये आलेला कॉपर गोलेम, म्हणजे तांब्याचा चालता पुतळा, हाही माल लावतो, रेडस्टोनची कटकट नाही. पण एका फेरीला फार तर १६ नग. भाचीला तो आवडतो, म्हणून फुलं आणि रंगांचं खातं त्याच्याकडे दिलंय. दगडमाती मी त्याच्या हाती देणार नाही.