‘स्पिन’ हे क्रियापद कुठे चालते आणि कुठे चालत नाही

मराठीतले ‘फिरणे’ हे फार ऐसपैस क्रियापद आहे. आपण राणीच्या बागेत फिरतो, लोकलच्या डब्यातला पंखा फिरतो, पृथ्वी सूर्याभोवती फिरते, आणि एखादा माणूस दिलेल्या शब्दावरून फिरतो. मराठीत इतकी कामे एकाच शब्दाने भागत असल्यामुळे इंग्रजी लिहितानाही हाताशी असेल तो एकच शब्द सगळीकडे बसवण्याची सवय लागते. परळच्या माझ्या वर्गात एका विद्यार्थिनीने ‘द अर्थ स्पिन्स अराउंड द सन’ असे लिहिले होते. काळ, कर्ता आणि क्रियापदाचे रूप सगळे बिनचूक होते, फक्त पृथ्वीला भलतीच गती मिळाली होती.

ही चूक टाळण्याचा उपाय आपल्या शालेय भूगोलातच आहे. तिथे परिवलन आणि परिभ्रमण असे दोन स्वतंत्र शब्द शिकवतात. वस्तू स्वतःच्या आसाभोवती फिरत असेल, म्हणजे परिवलन असेल, तर इंग्रजीत ‘स्पिन’ किंवा ‘रोटेट’ येते. ती दुसऱ्या कशाभोवती फेरी घालत असेल, म्हणजे परिभ्रमण असेल, तर ‘रिव्हॉल्व्ह’ किंवा ‘ऑर्बिट’ येते. पृथ्वी सुमारे २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एकदा ‘स्पिन’ होते आणि सुमारे ३६५ दिवसांत सूर्याभोवती एकदा ‘रिव्हॉल्व्ह’ होते. वाक्य लिहिण्यापूर्वी ‘कशाभोवती?’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी निम्म्याहून अधिक चुका आपोआप गळून पडतात.

‘स्पिन’ आणि ‘रोटेट’ यांतला फरक मुख्यतः वेगाचा आहे. ‘स्पिन’मध्ये गरगर आहे, ‘रोटेट’ हा संथ, मोजूनमापून फिरण्याचाही शब्द आहे. म्हणूनच आळीपाळीने कामे वाटून देण्याला किंवा शेतातल्या पिकांच्या फेरपालटीला ‘रोटेट’ म्हणतात. तिथे ‘स्पिन’ लिहिले तर वाचणारा गोंधळेल.

आता या शब्दाच्या मुळाकडे वळू, कारण त्याचे पुढचे बहुतेक अर्थ तिथूनच निघतात. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ ‘सूत कातणे’ एवढाच होता. गरगर फिरण्याचा अर्थ पुष्कळ नंतर, कातताना फिरणाऱ्या चातीवरून, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या टोकदार सळईवरून आला असावा. मुंबईकराला हे सांगण्यासाठी लांबचे उदाहरण शोधावे लागत नाही. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या आणि १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झालेल्या गिरणीचे नावच ‘बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी’ होते: आधी कातणे, मग विणणे. चरख्यावर सूत निघताना एका हाताने चाक फिरते, दुसऱ्या हातातला पिंजलेल्या कापसाचा पेळू मागे मागे ओढला जातो, आणि चातीच्या टोकाशी पीळ बसत बसत धागा लांबत जातो. पीळ आणि लांबण या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवल्या की पुढचे अर्थ पाठ करावे लागत नाहीत. गोष्ट रचून सांगणे म्हणजे ‘स्पिन अ यार्न’, काम किंवा भाषण ताणत नेणे म्हणजे ‘स्पिन आउट’, आणि घडलेल्या गोष्टीला आपल्या सोयीचा पीळ देऊन ती लोकांपुढे मांडणे म्हणजे ‘पुटिंग अ स्पिन ऑन इट’. कोळी मराठीत जाळे विणतो, पण इंग्रजीत तो ते ‘स्पिन’ करतो, कारण तिथे लक्ष त्याच्या अंगातून निघणाऱ्या धाग्याकडे आहे.

व्याकरणात एक मोठी सोय आहे, आणि मराठी माणूस नेमका तिथेच अडखळतो. आपल्याकडे ‘फिरणे’ आणि ‘फिरवणे’ ही दोन वेगळी रूपे आहेत. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘स्पिन’च पुरते. भोवरा फिरतो, ‘द टॉप स्पिन्स’. मुलगा जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळून भोवरा फिरवतो, ‘द बॉय स्पिन्स द टॉप’. त्यासाठी ‘मेक्स द टॉप स्पिन’ अशी लांबण लावण्याची गरज नसते. भूतकाळी रूप ‘स्पन’ आहे. ‘स्पिन्ड’ असे रूप नाही.

क्रिकेटमुळे हा शब्द आपल्या तोंडी रुळला आहे, तरीही तिथे एक बारकावा निसटतो. चेंडूला बोटांनी किंवा मनगटाने दिलेली फिरकी म्हणजे ‘स्पिन’, आणि टप्पा पडल्यावर त्याचे दिशा बदलणे म्हणजे ‘टर्न’. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर मुंबईतच जन्मलेल्या एजाझ पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना भारताचे एका डावातले दहाही बळी घेतले, तेव्हा चेंडू ‘स्पिन’ करत होता तो गोलंदाज, आणि त्याला ‘टर्न’ देत होती ती खेळपट्टी. जोरात ‘स्पिन’ केलेला चेंडू एखाद्या वेळी सरळही जातो, म्हणून ‘इट स्पन बट डिड नॉट टर्न’ हे वाक्य पूर्णपणे बरोबर आहे.

सर्वांत जपायची जागा डोक्याची आहे. ‘माय हेड इज स्पिनिंग’ म्हणजे माझे डोके गरगरते आहे किंवा माहितीच्या भडिमाराने चक्रावले आहे. मराठीत ‘डोके फिरले’ म्हटले की राग किंवा वेडेपणा सूचित होतो, तो अर्थ या इंग्रजी वाक्यात नाही. रागाने डोके फिरले असेल तर सरळ ‘आय लॉस्ट माय टेंपर’ लिहावे.

शेवटी ‘स्पिनिंग’ या रूपाबद्दल. ‘स्पिनिंग टॉप’ म्हणजे फिरणारा भोवरा, पण ‘स्पिनिंग मिल’ म्हणजे फिरणारी गिरणी नव्हे, ती कताईची गिरणी. ‘स्पिनिंग व्हील’मध्ये तर दोन्ही अर्थ संभवतात. बोलताना जोर ‘स्पिनिंग’वर दिला तर तो गावदेवीच्या मणिभवनात मांडून ठेवलेल्या चरख्यासारखा चरखा होतो, आणि ‘व्हील’वर दिला तर चिखलात रुतलेल्या गाडीचे जागच्या जागी गरगरणारे चाक. लिहिताना हा जोर दाखवता येत नाही, म्हणून दुसरा अर्थ हवा असेल तेव्हा ‘द व्हील वॉज स्पिनिंग’ असे सुटे वाक्य लिहावे.