आईची कटाची आमटी, कॅप्शन आणि वर्णनासह: स्वयंपाकाचा व्हिडिओ सगळ्यांना कळेल असा कसा करायचा

माझी मावसबहीण जन्मापासून बहिरी आहे. माझ्या आईच्या हातची कटाची आमटी तिला फार आवडते, म्हणून होळीच्या आधी मी तिला आईचा व्हिडिओ पाठवला. खालचे कॅप्शन मशीननं आपोआप काढलेले होते आणि मी ते तपासले नव्हते. आई म्हणाली होती "पाव चमचा हिंग", अक्षरांत आलं "पाऊण चमचा हिंग". तिनं घरच्या सात माणसांसाठी आमटी केली आणि ती कडू झाली. बाकीच्यांनी आईचं बोलणं ऐकून बरोबर हिंग घातला असता. तिच्यापाशी फक्त ती अक्षरं होती, आणि ती माझ्या हलगर्जीपणामुळे चुकीची होती.

पुढच्याच आठवड्यात मामांचा फोन आला. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे, स्वयंपाक मात्र स्वतः करतात. म्हणाले, "आक्का म्हणती, असा रंग आला की उतरवा. असा म्हंजे कसा गं?"

तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओला मी दोन कामं जोडली. कानाला जे कळतं ते लिहायचं, डोळ्यांना जे कळतं ते बोलायचं. आमच्याकडे एक मोबाईल, एक कॉलरचा माइक आणि जुना लॅपटॉप आहे. तेवढ्यावर भागतं.

निम्मं काम चित्रीकरणातच उरकतं. स्वयंपाक करताना आपण सारखं "एवढं", "असं", "इथपर्यंत" म्हणतो. मी कॅमेऱ्यामागून आईला विचारत राहते, "एवढं म्हणजे किती?" मग ती सांगते, "लिंबाएवढी चिंच." "परतायचं कुठवर?" "सुकं खोबरं बदामी होऊन खमंग वास सुटोस्तवर." वास आला म्हणजे मामांना आणखी काही सांगावं लागत नाही. माझे प्रश्न मी कापत नाही.

आता कॅप्शन. मशीननं काढलेला मजकूर कच्चा माल म्हणून घ्यायला हरकत नाही, पण तो शब्द न् शब्द ऐकून दुरुस्त करा. मराठीत मशीन कुठं अडखळतं ते आता मला पाठ झालंय: पाव आणि पाऊण, तेल आणि तीळ, दीड आणि अडीच. मापाचा प्रत्येक आकडा मी दोनदा ऐकते. बोलणं जसं आहे तसंच लिहा. आई "घातलं" म्हणते, तिथं "घातले" लिहू नका. ती "तडतडाय लागली" म्हणते तर तसंच राहू द्या, ते तिचं बोलणं आहे.

एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत पाच-सहा शब्द. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ओळ कुठंही तोडली तर वाचणारा लटकतो. "तेल तापलं की मोहरी / टाका" असं नको. "तेल तापलं की / मोहरी टाका" असं तोडा. पूर्ण दोन ओळी वाचायला पाच-सहा सेकंद द्या. आई भराभर बोलली तर अक्षरं बोलणं संपल्यावरही क्षणभर राहू देते.

आवाज चौकटी कंसात लिहायचे, पण फक्त कामाचे. गल्लीतला हॉर्न लिहून उपयोग नाही. कुकरची शिट्टी मात्र लिहायलाच हवी आणि कितवी तेही: [दुसरी शिट्टी]. इथं मला मावसबहिणीनं एक गोष्ट शिकवली. मी [तडतड आवाज] लिहिलं होतं. तिनं विचारलं, "त्याचं काय करायचं?" आवाज तिनं कधी ऐकलाच नाही, तिला हवा होता त्यातून निघणारा अर्थ. आता मी लिहिते: [मोहरी तडतडते, फुटायला लागली]. कॅमेऱ्याबाहेरचं कुणी बोललं तर आधी नाव: "बाबा: मीठ बघितलंस का?"

वेळ बसवायला मी सबटायटल एडिट हे फुकट सॉफ्टवेअर वापरते. त्यात आवाजाची लाट दिसते, बोलणं कुठं सुरू होतं ते डोळ्यांना कळतं. साध्या नोटपॅडमध्येही एसआरटी फाइल, म्हणजे कॅप्शन आणि त्यांच्या वेळा असलेली साधी मजकुराची फाइल, करता येते. आधी अनुक्रमांक, त्याखाली वेळ, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ:

1
00:03:12,400 --> 00:03:15,900
तेल तापलं की
मोहरी टाका

क्रमांक आणि वेळ मराठी आकड्यांत लिहू नका, फाइल वाचली जात नाही. मजकुरात मराठी आकडे चालतात. सेव्ह करताना एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर अजिबात चालणार नाही. यूट्यूबवर ही फाइल वेगळी चढवा, म्हणजे बघणाऱ्याला अक्षरं लहान-मोठी करता येतात. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या व्हिडिओत अक्षरं चित्रावरच छापावी लागतात. त्यासाठी मी मुक्ता हा फुकट फॉन्ट घेते आणि अक्षरांमागं काळी पट्टी देते, कारण पांढऱ्या पिठावर पांढरी अक्षरं दिसत नाहीत.

मराठी बोलण्याखाली मराठीच अक्षरं कशाला, असं मला पुष्कळ जण विचारतात. बहिऱ्यांसाठी, हे तर पहिलं कारण. पण अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये हीच कल्पना वाचन पक्कं व्हावं म्हणून मांडली होती: टीव्हीवरचं गाणं ज्या भाषेत, त्याच भाषेत खाली ओळी. आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी आईचे व्हिडिओ मोठ्यानं वाचत बघते, तेव्हा मला ते पटतं.

आता वर्णन, म्हणजे न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावर काय चाललंय ते बोलून सांगणं. हे काम जास्त नाजूक आहे. पूर्ण झालेला व्हिडिओ डोळे मिटून ऐका. जिथं काय चाललंय ते कळत नाही ती वेळ कागदावर टिपा. मग आईच्या बोलण्यातल्या मोकळ्या जागा शोधा, कारण वर्णन तिच्या शब्दांवर चढता कामा नये. आमटीच्या व्हिडिओत फोडणीनंतर नऊ सेकंद ती गप्प आहे. तिथं मी आधी लिहिलं होतं, "आई सुंदर फोडणी देते." मामा म्हणाले, सुंदर आहे का ते मी ठरवीन, तू दिसतंय ते सांग. मग असं लिहिलं: "आई कट कढईत ओतते. वाफ उठते. वर लाल तवंग पसरतो, कडेला बुडबुडे येतात." वाक्यं छोटी आणि चालू काळातली असावीत. घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. नऊ सेकंदांत बसलं नाही तर शब्द कमी करा, भराभर बोलू नका.

जागाच नसेल तर चित्रीकरणातच थोडं थांबायचं. आईला मी सांगून ठेवलंय, मसाला घातल्यावर पाच सेकंद नुसतं ढवळ.

वर्णन मी गोधडीच्या आडोशाला ऑडॅसिटी या आवाजाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करते. त्यातल्या ऑटो डक या सोयीनं वर्णनाच्या वेळी मूळ आवाज आपोआप खाली येतो. पूर्ण बंद करू नका. फोडणीचा चुरचुराट मामांना हवा असतो, त्यावरूनच त्यांना गॅस किती ते कळतं. हा व्हिडिओ मी वेगळा चढवते, नावात "वर्णनासह" लिहिते आणि मूळ व्हिडिओच्या माहितीत पहिल्याच ओळीला त्याची लिंक देते, म्हणजे स्क्रीन रीडरला, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, ती आधी सापडते.

बारा मिनिटांच्या व्हिडिओला या सगळ्यात माझी एक अख्खी दुपार जाते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात टीव्हीसारख्या माध्यमांसाठी कॅप्शन, सांकेतिक भाषा आणि ध्वनिवर्णन यांचा उल्लेख आहे. घरगुती चॅनेलला कुणी विचारायला येणार नाही. पण आमटी सगळ्यांना करता यावी म्हणूनच तर आई कॅमेऱ्यापुढं उभी राहते.

चढवण्याआधी मी आवाज बंद करून एकदा बघते, स्क्रीन झाकून एकदा ऐकते. मग मावसबहिणीला आणि मामांना पाठवते. त्या दोघांचं "हो" आल्याशिवाय व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला करत नाही. या होळीला तिनं पुन्हा आमटी केली, हिंग पाव चमचाच घातला आणि पातेल्याचा फोटो पाठवला.