कुंडी करताय? या चुका टाळा, निदान भट्टीतल्या शेजाऱ्यासाठी तरी

हौशी कुंभारांच्या गटात एकदा तरी कुंडीची स्पर्धा ठरतेच. सगळ्यांना एकाच पोत्यातली दोन-दोन किलो माती, हातात सहा आठवडे, आणि शेवटच्या दिवशी रोप लावलेली कुंडी घेऊन हजर व्हायचं. बक्षीस म्हणजे चहा आणि कांदाभजी. एवढा मैत्रीचा मामला असूनही चुका मात्र ठरलेल्या, कारण बहुतेकांचा हात मगवर बसलेला असतो. मगचं काम पाणी धरून ठेवायचं आणि कुंडीचं काम ते सोडायचं. हे डोक्यात न घेता चाकावर बसलं की पुढचं सगळं ओघानेच येतं.

भोक हा शेवटचा सोपस्कार नाही

सगळ्यात जास्त कुंड्या इथे वाया जातात. भोक पाडायचं राहून गेलं असं क्वचितच होतं. भोक असतं, पण कामाचं नसतं.

आधी माप. ओल्या मातीत ८ मिलिमीटरचं भोक डोळ्याला पुरेसं वाटतं. माती १२ टक्के आकसणारी असेल तर भाजल्यावर ते ७ उरतं. त्यात ग्लेझ, म्हणजे भट्टीत वितळून काचेसारखा होणारा लेप, ओघळून आत शिरलं की ५. एवढ्याशा भोकात पाण्याचा थेंब अडकून बसतो, आणि पहिल्याच महिन्यात माती नि मुळं मिळून त्याला बूच लावतात. १५ सेंटिमीटर व्यासाच्या कुंडीला ओल्यात १२ मिलिमीटरची तीन भोकं हवीत. दहा सेंटिमीटरच्या आतली छोटी कुंडी असेल तर एक चालेल, पण तेही १२चंच.

मग जागा. दोन भोकांत किमान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवा, आणि भिंत नि तळ जिथे जोडला जातो तिथपासून दीड सेंटिमीटर लांब राहा. जोडाला चिकटून पाडलेल्या भोकातून सुकताना तडा निघतो आणि तो सरळ भिंतीत चढतो.

वेळही महत्त्वाची. माती लेदर-हार्ड झाल्यावरच भोक पाडायचं. बोट दाबलं तर ठसा उमटेल पण चिकटणार नाही, ही ती अवस्था. त्याआधी पाडलंत तर तळ वाकतो आणि भोक लंबगोल होतं. त्यानंतर पाडलंत तर कडेने बारीक तडे जातात. पेन्सिल खुपसून भोक करणाऱ्यांना हात जोडून विनंती: तसं करू नका. पेन्सिल माती काढत नाही, बाजूला ढकलते, आणि ती दाबलेली कड सुकताना फाटते. पातळ स्टीलच्या पाइपचा तुकडा घ्या, फिरवत दाबा, आतला गाभा बाहेर काढा. दुसऱ्या बाजूला जी काटेरी कड उरते तिला ओलेपणी हात लावायचा नाही, नाहीतर सगळं लिंपलं जातं. पूर्ण सुकल्यावर ती बोटाने मोडते. मग ओल्या स्पंजचा एक फेरा दिला की झालं.

आता खरी गोम, जी भोक अचूक पाडणाऱ्यांच्याही लक्षात येत नाही. चाकावर तळ दाबताना मध्यभाग किंचित उंच राहतो. भोक बरोबर मध्ये, म्हणजे सगळ्यात उंच जागी, आणि पाणी साचतं कडेला. वरून माती कोरडी दिसते म्हणून माणूस आणखी पाणी घालतो आणि कोरफड खालून कुजते. त्यातच ट्रिमिंग, म्हणजे जास्तीची माती तासून काढणं, करताना तळाला मगसारखी गोल कड ठेवलेली असली की भोकातून निघालेलं पाणी त्या कडेच्या आत कोंडतं. गुळगुळीत फरशीवर तर ती कड जवळजवळ सील होते. अशी कुंडी शेल्फवर देखणी दिसते. घरी नेल्यावर तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडतात आणि दोष नर्सरीवाल्याला मिळतो.

उपाय सोपा आहे. गोल कड ठेवायचीच असेल तर तिला तीन खाचा पाडा, प्रत्येक बोटभर रुंद आणि पाच मिलिमीटर खोल. नाहीतर तीन पाय लावा. चार नकोत, चारात एक नेहमी डुगडुगतो. बिस्क, म्हणजे ग्लेझच्या आधीची पहिली भाजणी, झाल्यावर रिकाम्या कुंडीत लिटरभर पाणी ओता. वीसेक सेकंदांत ते निघून जायला हवं, आणि तळाशी चमचाभरापेक्षा जास्त उरता कामा नये. उरलं तर ग्लेझ करत बसू नका. ड्रिलला डायमंडचा पोकळ बिट, कमी वेग, हॅमर मोड बंद, बिट सतत पाण्याने ओला, असं करून जिथे पाणी साचतं तिथे नवं भोक पाडा. बिस्क मऊ असतं, दोन मिनिटांचं काम आहे. ग्लेझ होऊन पक्क्या भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये (जास्त तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट झालेली माती) हेच काम अर्धा तास खातं आणि तडकायची भीती वेगळी.

तळाशी खडी घातली की निचरा सुधारतो, असं म्हणणारे प्रत्येक गटात असतात. सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, खडीच्या वर तुंबून राहतं, म्हणजे ओल मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवा. खापरीचा बाकदार तुकडा उपडा ठेवलात तरी चालेल. बाकी कुंडीभर माती.

माप

१५ सेंटिमीटरची तयार कुंडी हवी आणि माती १२ टक्के आकसते, म्हणून लोक १५ मध्ये १२ टक्के मिळवतात आणि १६.८ची करतात. भाजून ती १४.८ होते. १५ला ०.८८ने भागायचं, उत्तर १७ येतं. एकट्या कुंडीला दोन मिलिमीटरने काही बिघडत नाही. पण कुंडीखालची ताटली वेगळ्या दिवशी, वेगळ्या मातीत केलेली असेल तर हिशोब फसतोच. ताटली त्याच पोत्यातून, त्याच दिवशी करा.

मडक्यासारखा पोटाचा आकार छान दिसतो. त्यात तुळस लावू नका. वर्षभराने मुळांचा गोळा तोंडातून निघत नाही, मग कुंडी फोडा किंवा तुळस कापा.

ओल: पांढरी दिसली म्हणजे सुकली नव्हे

स्पर्धा नेमकी पावसाळ्यात असली की शेवटच्या आठवड्यात धांदल उडते. एका सामायिक भट्टीतला प्रकार सांगण्यासारखा आहे. कुंडीच्या भिंती ६ मिलिमीटरच्या, एकसारख्या, पांढऱ्याफटक सुकलेल्या. पाय मात्र भरीव मातीचे गोळे, चार-चार सेंटिमीटर जाड. ओली माती गालाला गार लागते, पण गालाला लावून पाहिली ती भिंत. पायाला कोणी गाल लावत नाही. दुसऱ्या दिवशी ग्लेझ करायचं म्हणून बिस्क सुरुवातीपासूनच तासाला १५० अंशांनी चढवली. दीड तासाच्या आत भट्टीतून ठप्प असा आवाज आला, पाठोपाठ आणखी दोन. उघडल्यावर दिसलं ते असं: कुंडीचा तळ नाहीसा, खालच्या शेल्फवरच्या अकरा मगांपैकी सातांचे कान गेलेले, आणि खापऱ्यांचा चुरा एलिमेंटच्या, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारांच्या, खाचांत. तो चुरा ब्रश आणि व्हॅक्यूमने काढण्यात एक अख्खी सकाळ गेली, कारण खाचेत तुकडा राहिला तर एलिमेंट त्या जागी जास्त तापून जळतं. ज्यांचे कान गेले त्यांनी आपली कामं वेळेत सुकवली होती.

यावर हमखास ऐकू येणारं स्पष्टीकरण म्हणजे "आत हवेचा बुडबुडा राहिला असेल". बुडबुडा फुटत नाही. पूर्ण सुकलेल्या मातीत बुडबुडे असले तरी ती सुखरूप भाजते. फोडते ती वाफ. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पट होतं, आणि जाड मातीतून तिला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही तर ती वाट फोडून काढते. बुडबुड्याचं नाव येतं ते एवढ्यासाठीच, की बंद पोकळीत ओल रेंगाळते.

म्हणून पाय भरीव ठेवायचेच नाहीत. आतून कोरून काढा, भिंतीइतकीच जाडी ठेवा. पोकळ बंद पाय केलेत तर न दिसणाऱ्या बाजूने टाचणीचं भोक पाडा. एरवी जाडी सगळीकडे ६ ते ८ मिलिमीटर. "जाड केली की मजबूत होते" हा नवशिक्यांचा लाडका समज आहे. जाड केली की फक्त जड होते.

सुकवताना पहिले दोन-तीन दिवस काठाला प्लास्टिक गुंडाळा, कारण काठ आधी सुकतो आणि तळ मागे राहिला की तळाला तडा जातो. लेदर-हार्ड झाली की उपडी करा. सनमायकाच्या फळीवर ठेवू नका, वर्तमानपत्राचे चार थर घाला. कागद आकसणाऱ्या मातीबरोबर सरकतो आणि ओलही ओढतो. पंख्याखाली ठेवणाऱ्यांची एक बाजू सुकते आणि कुंडी वाकते. हेअर ड्रायरबद्दल न बोललेलं बरं.

रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की हवेत जेवढी सुकायची तेवढी सुकली. पण जुलैत, कोकणात किंवा मुंबईत, हवाच इतकी ओली असते की वजन थांबतं आणि मातीत पाणी राहतंच. उरलेलं भट्टीतच काढावं लागतं: ८० ते ९० अंशांवर रात्रभर, आठ ते दहा तास, वरचं भोक उघडं ठेवून. सकाळी त्या भोकापाशी थंड आरसा धरा. धुकं धरलं तर अजून दोन तास थांबा. त्यानंतर २०० पर्यंत तासाला ५०-६० अंश, ६०० पर्यंत १००, पुढे १५०ने हजारापर्यंत. ५७३ अंशांना मातीतलं क्वार्ट्झ एकदम फुगतं, तिथे जाताना घाई नको, आणि उतरतानाही नको. दोनशे अंशांवर भट्टी उघडून डोकावणाऱ्यांना तळाचे तडे भेट मिळतात.

बाकीच्या, थोडक्यात

जोड: नुसतं पाणी लावून पाय चिकटवले की ते बिस्कमध्ये गळतात. दोन्ही बाजू खरवडा, त्याच मातीची दह्याइतकी घट्ट स्लिप लावा, दाबून हलवा, जोडावर बारीक वळी फिरवा. दोन्ही भाग सारखेच ओले हवेत.

शाडू: गणपतीची उरलेली शाडू घेऊन कुंडी करू नका. ती न भाजता रंगवायच्या मूर्तीसाठी आणि पाण्यात विरघळण्यासाठीच असते. हवेत सुकणाऱ्या क्लेचंही तेच, पहिल्या पाण्याला चिखल.

चुनखडी: शेतातली किंवा विहिरीच्या खोदकामाची माती फुकट मिळते म्हणून आणणाऱ्यांनी हे जरूर वाचा. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर खड्याचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल पितो, फुगतो आणि वरची खपली उडवतो. कुंडी भट्टीतून धडधाकट निघते आणि आठवड्याभराने तिला देवीचे व्रण पडतात, प्रत्येक खड्ड्याच्या मध्ये पांढरा ठिपका. माती पातळ कालवून ८०च्या (इंचाला ८० छिद्रांच्या) जाळीतून गाळा. तरी शंका असेल तर भाजलेली कुंडी निवल्याबरोबर दोन तास पाण्यात बुडवून ठेवा. विरलेला चुना त्याच पाण्यात शांत होतो. कुंडी आठवडाभर हवेवर राहिली तर हा उपाय निरुपयोगी.

ॲक्रिलिक: टेराकोटावर रंग, वर वार्निश, आणि फोटो. आतली ओल बाहेर पडायला निघते, रंगाला मागून ढकलते, महिन्यात पापुद्रे. रंग हवा असेल तर कच्च्या मातीवर रंगीत स्लिप लावून भाजा.

ग्लेझ: बाहेरून जाड आणि आतून काहीच नाही, अशा पातळ कुंडीवर एकतर्फी ताण येतो आणि ती कधीकधी नंतर, टेबलावर ठेवल्या जागी तडकते. आत काठाखाली तीन-चार सेंटिमीटर तरी ग्लेझ उतरवा. तळापासून ३ मिलिमीटर आणि भोकांच्या कडा मेण लावून मोकळ्या ठेवा. पक्क्या स्टोनवेअरची भिंत तशीही श्वास घेत नाही, त्यामुळे "आतून ग्लेझ नको, मुळं गुदमरतील" हा वाद टेराकोटापुरताच ठेवा.

टांगती कुंडी: १५ सेंटिमीटरची कुंडी, ओली माती आणि रोप मिळून चार किलोंच्या वर जातं. काठाखाली दोन सेंटिमीटरवर समान अंतरावर तीन भोकं, कडा गोल केलेल्या. धारदार कड दोरी कापते.

पांढरे चट्टे: टेराकोटावर येणारे चट्टे म्हणजे बोअरचं पाणी नि खतातले क्षार. व्हिनेगरच्या पाण्याने घासा. टिचकी मारल्यावर ठण न वाजता थप वाजत असेल तर मात्र कमी भाजलंय, आणि त्या क्षारांनी ती पुढच्या पावसापर्यंत सोलवटणार. भारताबाहेर, बर्फ पडतो तिथे राहणाऱ्यांनी पक्की वाजणारी टेराकोटाही हिवाळ्यात आत घ्यावी. भिंतीत मुरलेलं पाणी गोठून फुगतं.

ताटली: आतून ग्लेझ केलेलीच करा, नाहीतर खालचं लाकूड काळं पडतं. पावसाळ्यात ती दोन दिवसांआड रिकामी करा, डासांना तेवढं पाणी पुरतं.

रोप आदल्या रात्री लावू नका. किमान दहा दिवस आधी लावा, म्हणजे ते तग धरतं आणि निचऱ्यात खोट असेल तर ती आपल्याला घरीच कळते. कोरी टेराकोटा लावण्याआधी अर्धा तास पाण्यात भिजवा, नाहीतर पहिलं पाणी कुंडीच पिऊन टाकते.